अक्कांची चूक

अक्कांनी चित्रावरचं कापड काढलं आणि स्वतः बाजूला सरकल्या. संग्रहालयाचे संचालक, त्यांच्या मदतनीस बाई आणि फोटो काढणारा, तिघंही चित्राकडे बघू लागले. अक्का मात्र त्यांच्या तोंडांकडे बघत होत्या.

चित्रात वसाहतीचं अंगण होतं, भर उन्हातलं. झाडाची सावली डावीकडे पडली होती आणि भिंतीची उजवीकडे. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा असली चूक करणार नाही. अक्कांनी ती मुद्दाम केली होती. हात वळत नव्हता, तरी नेटानं केली होती.

"वा!" संचालक म्हणाले. "अप्रतिम!"

या अंगणाभोवतीच्या आठ घरांत एके काळी आठ चित्रकार राहायचे. दर शनिवारी कुणाचं तरी नवं चित्र मधल्या खोलीत मांडायचं आणि बाकीच्या सातांनी त्याची सालटी काढायची, असा शिरस्ता होता. कौतुकाला सक्त बंदी. "हा डोंगर आहे की उशी?" असं शेजारच्या दादांनी एकदा विचारलं, तेव्हा अक्का तीन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी त्यांनी तो डोंगर सुरीनं खरवडून काढला.

आता वसाहतीचंच संग्रहालय झालं होतं; सात घरांत त्या सात जणांची चित्रं होती आणि आठव्यात अक्का. दादा शेवटचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून अक्कांची अकरा चित्रं झाली आणि अकराच्या अकरा तडक संग्रहालयाच्या भिंतीवर गेली. त्यातलं एक तरी धड होतं का? विचारायचं कुणाला? या प्रश्नानं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून हे बारावं.

"सावल्या बघितल्यात का?" अक्कांनी विचारलं.

"तेच तर म्हणतोय!" संचालकांचा चेहरा खुलला. "एक सावली आठवणींची, एक आजची. काय सुचलंय हो तुम्हाला!"

मदतनीस बाईंनी ते लगेच वहीत टिपून घेतलं.

"अहो, चुकलंय ते. साफ चुकलंय."

"काहीतरीच काय, अक्का! तुमचं कसं चुकेल?"

संचालक हे इतक्या मायेनं म्हणाले की अक्कांना रागावताही येईना. त्या स्टुलावर बसल्या. दादा गेले त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"माझं एक काम कराल?"

"सांगा ना."

"या चित्रात एक खोट काढा. एकच. तुमच्या पाया पडते."

तिघंही गडबडले. चित्राच्या जवळ गेले, मागे सरले, पुन्हा जवळ गेले. आजीबाईंचं मन कसं राखावं, हे कुणालाच समजेना. शेवटी संचालक चाचरत म्हणाले, "म्हणजे... काढायचीच म्हटली तर... तुमची सही जरा लहान झालीय."

बाकीच्या दोघांनी सुटल्यासारख्या माना डोलावल्या.

अक्कांनी ब्रश घेतला, सही मोठी केली आणि चित्र त्यांच्या हवाली केलं.