गाठ मारलेलं गवत

पहिली गाठ पाहिली तेव्हा लहान्याला वाटलं, पोरांचा खेळ असेल. मग दुसरी दिसली. मग अख्खा उतारच.

रानशेतच्या त्याच्या उतारावर पवना गवताचे ठोंब गुडघाभर वाढले होते, आणि जागोजागी पात्यांना गाठी मारलेल्या होत्या. पाड्यात गवताला गाठ मारली की तो पट्टा बांधणाऱ्याचा. दुसरा कोणी त्यावर विळा चालवत नाही.

"सुनिल! कोणी बांधलं हे?"

पाड्यातलाच सुनिल हल्ली एका संस्थेच्या संगिता मॅडमबरोबर फिरायचा. तलासरीकडे मुरूम काढून एक टेकडी उघडी पडली होती. तिथे पुन्हा गवत लावायला मॅडमला इथले ठोंब हवे होते. काल तिने निवडलेल्या ठोंबांजवळ लाल काठ्या रोवल्या. लहान्याने त्या उपटून फेकल्या. पलीकडच्या पाड्यातही आधी काठ्याच आल्या होत्या. आता तिथे रस्ता आहे.

"मीच बांधलं, बाबा," सुनिलच्या मागून येत संगिता म्हणाली. "तुम्हाला काठ्या नको होत्या ना?"

"काल काठी, आज गाठ. उद्या कुंपण घालशील."

"नाही हो. अर्धा ठोंब नेणार, अर्धा इथेच वाढणार."

"लहान्या, गवत आहे, सोनं नाय," सुनिल म्हणाला.

"सोनं असतं तर ही रात्रीच आली असती."

सुनिलने गाठीचा अर्थ हळूच सांगितला तशी संगिता ओशाळली. खाली बसून गाठी सोडवू लागली. लहान्याही सोडवत वर निघाला. डोळा मात्र तिच्या हातांवर.

वरच्या कोपऱ्यात ती थांबली. "ही मी नाही बांधली."

हिरव्या पात्यांतून वर आलेल्या सुक्या काड्यांना गाठ होती. उन्हापावसाने काळी पडलेली.

गेल्या दिवाळीत लहान्याच्या बायकोने, रूपीने, हा कोपरा राखला होता. कापायला ती उरली नाही. तिची गाठ होती म्हणून त्यानेही विळा लावला नाही.

"हा राहू द्या," संगिता म्हणाली.

लहान्या खाली बसला. बुंध्यात बोटं घातली. मधे सगळं सुकलं होतं, हिरवं फक्त कडेला.

"असाच ठेवला तर?"

"मरेल, बाबा."

"खोटं नाय ना बोलत?"

संगिताने शेजारचा तसाच न कापलेला ठोंब दोन्ही हातांनी फाकवून दाखवला. आत राखेसारखा भुगा होता.

लहान्या गाठ सोडवायला गेला. सुटेना. त्याने ती दातांनी सोडवली, पहार मागितली आणि ठोंब स्वतः मुळापासून दुभागला. अर्धा परत मातीत बसवला. अर्धा उचलला.

"दे, मागे टेम्पोत टाकतो," सुनिल म्हणाला.

"टाकायला कचरा आहे काय?"

"तुम्ही पण येताय?" संगिताने विचारलं.

"कुठं लावतेस ते बघणार."

"अजून विश्वास नाही ना?"

"नाय."

ठोंब मांडीवर घेऊन तो पुढे बसला, आणि दार नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं.