बावीस इंच

"परवडेल अशी घडीची सायकल दाखवा. गावातल्या गावात चालवायचीय," टेलरमास्तर म्हणाले.

"ठेवणार कुठे?" दुकानदाराने विचारलं.

"दाराआड. भिंत आणि चपलांचं कपाट यांच्यामध्ये. बावीस इंच." गळ्यातल्या टेपला त्यांनी हातही लावला नाही. माप तोंडपाठ होतं.

दुकानदाराने मोठ्या चाकांची सायकल पुढे ओढली. "ही घ्या. तुमच्या उंचीला बरी, खड्ड्यांत दणके बसत नाहीत, वर स्वस्त. फक्त घडी केली की सत्तावीस इंच होते."

"नाही मावणार."

"कपाट जरा सरकवा की, मास्तर."

"सरकवलं तर बायकोला ते धड उघडता येत नाही."

मग लहान चाकांची, जरा महागच सायकल निघाली. मास्तर बसले, तर गुडघे हँडलला आपटत होते. दुकानदाराने कसंबसं हसू दाबलं. "अहो, ही तुम्हाला आखूड होतेय."

"बावीसमध्ये बसते ना? मग हीच बांधा."

संध्याकाळी मास्तरांनी खोलीचं कुलूप काढलं. महिन्याभरापूर्वी भाड्याने घेतलेली खोली, आत एक खाट आणि एक बॅग. घर बायकोकडे राहिलं होतं, चपलांच्या कपाटासकट. त्यांनी सायकलची घडी केली आणि दाराआड, मोकळ्या भिंतीला टेकवून ठेवली.

थोड्या वेळाने उठून त्यांनी ती आणखी चार बोटं आत सरकवली. तिला कपाट उघडायला अडचण नको.