गुडघाभर पाणी

लकवा झाल्यापासून धनसिंग बाजेवरून हलत नव्हता. कोणी व्यायामाचं नाव काढलं की म्हणायचा, "आता कायले? झालं माहं."

मग एका मोटारसायकलनं त्याच्या लाडक्या कुत्र्याला, भुऱ्याला उडवलं. पुसदच्या डॉक्टर वैष्णवींनी मागच्या पायाचं ऑपरेशन केलं. म्हणाल्या, "टाके सुकले की रोज तळ्यात चालवा, गुडघाभर पाण्यात. पायावर भार कमी येतो आणि ताकद भरते."

भुऱ्या धनसिंगच्या बायकोसोबत, हंसाबाईसोबत, काही केल्या पाण्यात उतरेना. शेवटी धनसिंगच उठला. लुळा हात बायकोच्या खांद्यावर टाकला, धडक्या हातात पट्टा धरला. पहिल्या दिवशी माणूस आणि कुत्रा दोघंही काठावरच दमले. मग रोज थोडं पुढे जाऊ लागले.

दिवाळीनंतर डॉक्टर तांड्यावर आल्या, तर भुऱ्या बांधावरून उडी मारून त्यांच्या अंगावरच आला.

"अरे वा, हा तर..."

हंसाबाईनं त्यांना घाईघाईनं घरात ओढलं. "मॅडम, ह्यायच्या माघारी तो पोळ्यापासूनच पळून राह्यला. पण ह्यायले सांगू नका. हे आता कुठं मले न धरता चालून राह्यले."

डॉक्टर बाहेर आल्या, तोवर धनसिंगही घरामागून अंगणात आला होता. भुऱ्याचा पाय गंभीरपणे दाबून पाहिला. "काका, पाय अजून कच्चा आहे. चालवणं बंद करू नका."

"मी हिले तेच सांगून राह्यलो!" धनसिंग पट्टा घेऊन एकटाच तळ्याकडे निघाला. "चाल रे भुऱ्या. मी आहो ना, तुले बरा करूनच सोडतो."