पाच शब्द

अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी, सराव सामन्याच्या आठवड्यात, संघाच्या डॉक्टरीणबाई आमची स्मरणशक्ती तपासतात. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तपासतात आणि आजच्याशी ताडून बघतात. म्हणून आम्ही सगळे आज मुद्दाम चुकतो. नंतर फरक दिसत नाही आणि करार मोडून कुणी घरी धाडत नाही.

वेंडेल आत गेला. दार उघडंच होतं. बाईंनी सगळ्यांना देतात तेच पाच शब्द ऐकवले आणि थोडा वेळ दुसरेच प्रश्न विचारले.

“हं, मघाचे पाच शब्द सांग.”

“खुर्ची... सफरचंद...” अकरा वर्षं हेल्मेटला हेल्मेट भिडवत आलेला तो गडी छताकडे बघत राहिला. “बस, एवढेच.”

“मेल्या, किती नाटकं करशील!” बाई हसल्या. “नव्या पोरांनीसुद्धा तीन सांगितले. जा, खेळ शनिवारी.”

तो बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, “मी मुद्दाम नाही चुकलो, कॉर्नेल. तू माझ्याआधी जाऊन आलास ना? मग शब्द सांगून ठेवायचेस की रे.”

“राहिलंच बघ,” मी म्हणालो.

तो आत जाईपर्यंत, याच बाकावर, ते पाचही शब्द मी त्याच्याकडून घोकून घेत होतो.