काटा तीनवर

वादळाने पाडलेला अँटेनाचा दांडा मास्तरांनी पत्र्याच्या छपरावर पुन्हा उभा केला होता. त्याच वादळात मुलाची बोट होती. तेव्हापासून रेडिओवर त्याचा आवाज आला नव्हता.

खाली रेडिओच्या मीटरपाशी मास्तर. वर, दांड्याची लांबी कमी-जास्त करायला, बायको. काटा एकवर आला की अँटेना जुळली.

काटा तीनवर.

"अगं, बाजूला हो. माणूस जवळ असला की काटा खोटं बोलतो."

"अहो, मी कधीची उतरलेय," ती पाठीमागून म्हणाली. "कान कुठे गहाण ठेवलेत?"

मास्तरांनी वायर तपासली, जोड आवळले.

काटा तीनवर.

पोरगा छपरावर असला की काटा असाच अडायचा. काम झालं तरी तो दांड्याला हात लावून आभाळ बघत राहायचा आणि मास्तर खालून दरवेळी एकच ओरडायचे. आत्ताही तेच तोंडातून निघून गेलं, सवयीने.

"बाजूला हो रे, गाढवा."

डोक्यावरचा पत्रा वाजला. एक पाऊल. मग दुसरं, छपराच्या कडेकडे जाणारं. दोघं वर बघत राहिले.

काटा अलगद खाली आला आणि एकवर थांबला. इतका अचूक तो आजवर कधीच आला नव्हता.

मास्तरांनी माइक उचलला. आता फक्त हाक मारायची होती. बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी त्याला परत जवळ बोलवा."