घोडेवाला कुठं चालला?

पडद्यावरच्या घोडेवाल्यानं गाणं संपवलं आणि घोडा टेकडीकडं वळवला. नाथाजीनं माइक तोंडाशी धरला.

"आता ह्यो कुठं चालला, हाय का ठावं?"

"आईकडं!" सगळा तंबू ओरडला.

"व्हय. आईकडंच."

इंग्रजीत तो घोडेवाला तसलं काही म्हणत नव्हता. त्याला ना आई, ना गाव. एखाद्या गावात शिरायचं, दरोडेखोरांना लोळवायचं, चार गाणी म्हणायची आणि पुढची वाट धरायची, एवढंच त्याचं काम. पण विट्याजवळच्या त्या गावात इंग्रजी येत होतं कुणाला?

तंबूचा मालक नानासो. त्यानं मुंबईहून असले चार जुने सिनेमे स्वस्तात उचलून आणले होते. चारींत तोच पांढरा घोडा, तोच गाणारा गडी. पाठलाग सुरू झाला की एकच खडक तीनदा मागं जायचा. कोंडीबा धनगर पहिल्याच दिवशी ओरडला होता, "आरं, ह्यो धोंडा मगाशीच गेला की!"

"त्या मुलखात समदं धोंडं सारकंच," नाथाजीनं माइकवरून ठोकून दिलं.

"आन् गुराखी असा गात बसला, तर गुरं उसात शिरत्याली न्हवं?" कोंडीबानं विचारलं.

सगळा तंबू हसला. नाथाजीही हसला. बऱ्याच दिवसांनी.

नाथाजी फलटणकडचा. एकाहत्तरच्या लढाईत पाय अधू झाला आणि पलटणीतून घरी आला. छावणीत असले सिनेमे त्यानं ढिगानं पाहिले होते, म्हणून नानासोनं त्याला सिनेमाची गोष्ट मराठीत सांगायला ठेवलं. तंबू या गावाला जाणार हे कळल्यावरच नाथाजीनं होकार दिला होता. हे त्याच्या पलटणीतल्या सयाजीचं गाव होतं.

आल्या दिवशीच तो घर विचारत गेला. काय सांगायचं ते वाटभर घोकलं होतं. दारात एक पन्नाशीची बाई उंबरा सारवत बसली होती. तिला पाहिलं आणि घोकलेलं सगळं विसरलं.

"आई," तो म्हणाला, "मी सयाजीच्या पलटणीतला. नाथाजी. सयाजी बरा हाय. लांब हाय, बर्फात. सुट्टी मिळंना."

बाईचा हात थांबला. तिनं काही सांगायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग हात धुतले.

"बस," ती म्हणाली. "भाकरी खाऊन जा."

म्हणजे सयाजी गेल्याची तार पोचलीच नव्हती! कुठल्या तरी टपालात अडकली असावी. नाथाजीला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच घासाला ठसकाही लागला.

मग ते रोजचंच झालं. गाव तिला आक्का म्हणायचं. दुपारी तीनचा खेळ असला की आक्का पुढच्या तरटावर येऊन बसायची. पहिल्या खेळाला तिनंच विचारलं होतं, "आरं, आईकडं चाललाय व्हय त्यो?" आणि नाथाजीच्या तोंडून निघून गेलं होतं, "व्हय." तेव्हापासून घोडेवाल्याला आई मिळाली.

खेळ सुटला की तो तिच्या ओट्यावर जायचा. ती शेजारच्या घरातून ताट घेऊन यायची. "आमची चूल तिकडंच," एवढंच म्हणायची. सयाजीबद्दल फारसं विचारायची नाही. विचारायची ते नाथाजीचंच. पाय दुखतो का, झोप लागते का. आईचं काळीज, नाथाजीला वाटायचं. विचारायला भीत असंल.

झोप त्याला लागायची, पण त्या झोपेत घोडा यायचा. रुंद काठाची टोपी घातलेला सयाजी त्यावर बसून गात असायचा आणि घोडा पाण्यातून चालत असायचा, पाणी न उडवता. जागेपणीही ते पुरतं सुटायचं नाही. तंबूच्या भोकांतून उन्हाचे कवडसे अंधारात चांदण्यांसारखे पडायचे, घोडेवाला तान घ्यायचा, आणि नाथाजीच्या तोंडी शब्द आपोआप यायचे. "आता येरळा नदी लागली बगा. येरळा वलांडली की त्येचं गाव." माणसांना त्या परमुलखात बाभळी दिसायच्या, माळावरची मेंढरं दिसायची. कुणी हसायचं नाही. कोंडीबासुद्धा मान डोलवायचा.

पंधरा दिवस सरले. तंबू दुसऱ्या दिवशी तासगावला हलणार होता.

शेवटच्या खेळाला घोडेवाला टेकडीकडं वळला. "आईकडं!" नाथाजीनं विचारायच्या आधीच तंबू ओरडला. नाथाजीनं माइक तोंडाशी नेला. "व्हय" म्हणवेना. पडद्यावरचा घोडा लहान लहान होत गेला. तरटावरची आक्का पडदा सोडून त्याच्याकडं बघत होती.

बाहेर अजून ऊन होतं. तो सरळ ओट्यावर जाऊन बसला. मागोमाग ती ताट घेऊन आली.

"आज भाकरी नगं," तो म्हणाला. "आई, मी खोटं बोललो. सयाजी न्हाई राहिला. लढाईत नदी वलांडताना गोळी लागली. माझ्या मांडीवर गेला. जाताना म्हणला, आईला तूच जाऊन सांग. मला जमलं न्हाई."

तिनं ताट खाली ठेवलं. ती रडली नाही. त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग रडला तो नाथाजीच. 

"लय दिस वझं वागवलंस रं," ती म्हणाली. "तार आली हुती. मास्तरांनी वाचून दावली. गावाला बी ठावं हाय, मीच गप ऱ्हावा म्हणलं."

नाथाजीनं वर पाहिलं. "मग त्या दिशी बोलला का न्हाईसा?"

"बनुबाईनं, सयाजीच्या आईनं, तार ऐकली आन् आठव्या दिशी डोळं मिटलं. मी तिची शेजारीण, तिचं घर झाडाया-सारवाया येते. त्या दिशी तुला सांगाया तोंड उगडलं बी हुतं. पर माझ्या पोटी मूल न्हाई, नाथाजी. मला कुनी आई म्हणलं, ते त्याच दिशी."