शोकाकुल परिवार

मजकुरात एकही स्वल्पविराम नव्हता. 'शोकाकुल आजी आई वडील दोन भाऊ भावजय पुतण्या' अशी सगळी माणसं एकाच ओळीत चेंगरून बसली होती. गणपतरावांनी लाल पेन उघडलं. कोल्हापुरातल्या एका छोट्या दैनिकाच्या जाहिरात खिडकीवर बसायच्या आधी त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं होतं, आणि ती खोड काही गेली नव्हती. गिऱ्हाईक समोर रडत असलं तरी ते आधी विरामचिन्हं दुरुस्त करत.

हे गिऱ्हाईक रडत नव्हतं. मुरगूडहून आलेले हंबीरराव, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पेनाकडे शांतपणे बघत उभे होते. आजीनंतर एक स्वल्पविराम, आईनंतर एक, वडिलांनंतर एक, भावांनंतर एक. भावजय आणि पुतण्या यांच्यामध्ये 'आणि' घातलं की तिथं चिन्ह लागत नाही, हेही गणपतरावांनी समजावून दिलं. हंबीररावांनी मान हलवली.

मग त्यांनी फोटो काढून दिला. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. वीस-एकवीस वर्षांची हसरी पोरगी, त्यांची लेक अनुजा. काय आजार होता, गणपतरावांनी हळूच विचारलं.

"आजार न्हवता. बुधवारी कबनूरच्या पोरासंगं पळून गेली. लगीन बी केलंय. आमच्या लेखी मेली."

गणपतरावांनी पेन मिटलं. असल्या जाहिरातींबद्दल ते ऐकून होते. त्यांच्या खिडकीवर मात्र कधी आली नव्हती. त्यांना संताप आला, आणि इतका वेळ आपण कसले स्वल्पविराम घालत बसलो म्हणून स्वतःचाही आला. पण बाहेर जीपमध्ये त्या यादीतले दोन भाऊ बसलेले दिसत होते. भांडण्यात अर्थ नव्हता. त्यांनी नियम पुढं केला.

"जिवंत माणसाची निधनवार्ता आम्ही छापत न्हाय, पावणं. मृत्यूचा दाखला लागतोय."

एवढं बोलून त्यांना हायसं वाटलं. आता हा माणूस तणतणत निघून जाईल, चार दिवसांनी राग निवळेल, पोरगी सुटेल.

हंबीरराव तणतणले नाहीत. त्यांनी दुरुस्त केलेला मजकूर एकदा नीट वाचला आणि कागद परत खिडकीतून आत सरकवला.

"बरं," ते म्हणाले. "रविवारच्या अंकात यायचं तर दाखला कवापर्यंत आणून द्यायला लागंल?"